अकरा ओळींची दुरुस्ती

तीनशे खाटांच्या इस्पितळाचं अख्खं नेटवर्क वहिनी सांभाळत. कुठलं यंत्र चालू, कुठलं बंद, हे एका पडद्यावर दाखवणारं त्यांचं सॉफ्टवेअर ओपन-सोर्स होतं. फुकट घ्या, आतला कोड उघडून बघा, वाटलं तर सुधारा. ते लिहिलं होतं त्यांच्या धाकट्या दिराने आणि त्याच्या एका मित्राने, बारा वर्षांपूर्वी. मित्र कामसू होता, म्हणून वैतागून निघून गेला. दीर उरला आणि प्रकल्पप्रमुख झाला.

प्रमुख झाल्यापासून त्याने कोडला हात लावला नव्हता. तो प्रगती अहवाल लिहायचा. दर तीन महिन्यांनी एक, आणि रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले की वाचूनही दाखवायचा.

"या तिमाहीत नवं बोधचिन्ह आलं. पडद्याला गडद रंग आला. सदस्यांच्या आचारसंहितेचा तिसरा मसुदा मार्गी लागला."

"एकटा किती करतो बघा," सासूबाई म्हणाल्या.

"आणि हिरव्या दिव्याचं काय झालं, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

हिरव्या दिव्याची तक्रार त्यांनी चौदा महिन्यांपूर्वी नोंदवली होती. यंत्र 'मी बिघडलोय' असं कळवून बिघडलं, तर पडद्यावर त्याचा दिवा लाल व्हायचा. पण ते न सांगता-सवरता गप्प झालं, तर दिवा आपला हिरवाच. म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाला तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला.

"आराखड्यात घेतलंय, वहिनी. मोठं चित्र बघावं लागतं."

वहिनींनी ताटाकडे बघितलं. मोठं चित्र बघणाऱ्या माणसाला समोरचं मीठ दिसत नव्हतं; ते त्या तिसऱ्यांदा त्याच्यापुढे सरकवत होत्या.

दोनच दिवसांनी, मंगळवारी सकाळी रक्तपेढीचं नेटवर्क जोडणारा स्विच गप्पगार पडला. पडदा दोन तास हिरवागार. शस्त्रक्रियेसाठी एक बाई टेबलावर झोपलेली, सर्जन रक्तगटाच्या तपासणीच्या निकालाची वाट बघत उभे, आणि खाली रक्तपेढीतला तंत्रज्ञ 'पाठवलंय की' म्हणून निवांत. शेवटी वरून फोन आल्यावर तो स्वतःच निकालाचा कागद हातात घेऊन चार जिने धावत चढला. बाई सुखरूप राहिली ती त्याच्या पायांमुळे.

त्या दुपारी वहिनींनी कोड उघडला. चौदा महिने आराखड्यात लोळत पडलेलं काम बघता बघता उरकलं: पाच मिनिटं उत्तर आलं नाही तर दिवा लाल करा. अकरा ओळी. दोन दिवस तपासून त्यांनी ती दुरुस्ती प्रकल्पाकडे पाठवली.

उत्तर प्रमुखांच्या नावाने आलं. 'योगदानाबद्दल आभार. ओळीआधी दोन नव्हे, चार मोकळ्या जागा सोडाव्यात.' वहिनींनी चार सोडल्या. दुसरं उत्तर आलं: 'हा विषय चालू आराखड्यात नसल्याने प्रस्ताव बंद करत आहोत.'

वहिनी हसल्या. राग यायला समोरच्याबद्दल थोडा तरी आदर लागतो.

त्यांनी ती दुरुस्ती प्रकल्पाच्या चर्चामंचावर टाकली, रक्तपेढीची हकीकत लिहिली, आणि खाली एवढंच म्हटलं: 'ज्यांना गरज असेल त्यांनी घ्या.' आठवड्यात साठेक ठिकाणी ती बसली. विमानतळवाले, पाणीपुरवठावाले, एक दुधाचा कारखाना. लोक उघडच विचारू लागले, की प्रमुख नक्की करतात तरी काय?

रविवारी दीर वहिनींच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला नेलीत, वहिनी? मला सांगायचं होतंत."

"चौदा महिने सांगत होते. तुम्ही अहवाल वाचत होतात."

तो ओट्याला टेकला. मग हळूच म्हणाला, "तो भाग मित्राने लिहिलेला. मला तो कधी नीट कळलाच नाही. हात लावला आणि सगळं कोसळलं तर?"

क्षणभर वहिनींना त्याची कीव आली. मग आठवलं, की हे लपवण्यासाठी त्याने रंग बदलले, चिन्हं बदलली, तीन-तीन मसुदे लिहिले, आणि तिकडे एक बाई टेबलावर ताटकळत पडली होती.

"भीती वाटते एवढं लिहिलं असतंत, तर कुणीतरी मदतीला आलं असतं," त्या म्हणाल्या. "सोमवारी दहा वाजता इस्पितळात या. शेजारी बसवून समजावते."

"नक्की येतो."

त्याने दुरुस्ती त्याच रात्री मान्य केली. नाही तर माणसं प्रकल्पच सोडून गेली असती. सोमवारी दहा वाजले, अकरा वाजले. वहिनींनी शेजारी ओढून ठेवलेल्या खुर्चीवर रक्तपेढीतला तो तंत्रज्ञ येऊन बसला आणि त्यानेच मन लावून सगळं समजून घेतलं. बाराला दिराचा फोन आला. एका परिषदेत भाषणाचं बोलावणं होतं, विषय होता 'जबाबदार नेतृत्व', आणि तयारीत वेळ कसा गेला ते कळलंच नाही.

"असू दे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही भाषण चांगलं करा," आणि तंत्रज्ञाला म्हणाल्या, "हं, पुढची ओळ वाच."