जिथे बोट, तिथे नजर

आगगाडी चालवायचं सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी इवाओ मुराओका घर मात्र आगगाडीसारखंच चालवत असे. बाहेर निघायच्या आधी तो स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभा राहायचा, उजव्या हाताचं बोट शेगडीवर रोखायचा आणि खणखणीत आवाजात ओरडायचा, "गॅस बंद, ठीक!" मग खिडकीकडे बोट: "कडी लावली, ठीक!" मग दार, मग कुलूप, मग मोटारीचे टायर. जपानच्या रेल्वेत सगळे ड्रायव्हर असंच करतात. हात आणि तोंड कामात राहिलं की मन भरकटत नाही, असं त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं.

त्याची बायको फुसाए नवी नवरी असताना लाजेनं अर्धी व्हायची, कारण शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं. पुढे सवय झाली. त्याच्याही पुढे त्या आवाजाचा आधार वाटायला लागला. नवऱ्यानं "ठीक" म्हटलं की ठीक, आपण कशाला बघा? मोटारीत तर ती बसल्या बसल्या पेंगायची.

म्हातारपणी या ओरडण्याला भलताच भाव आला. त्यांच्या आळीत निम्म्याहून अधिक म्हातारी माणसं. कुणाचा चष्मा सापडायचा नाही, कुणी गोळी दोनदा घ्यायचं, पलीकडच्या कुवाबाराबाईंनी तर सुरमई शेगडीवर ठेवून तिचा कोळसा केला होता. आळीच्या मंडळाचे प्रमुख निशिदे यांनी इवाओला गळ घातली आणि सभागृहात वर्ग सुरू झाला, विसरभोळ्यांसाठी सोपे उपाय. इवाओनं रेल्वेतली जुनी टोपी घालून पहिला धडा दिला.

"जिथे बोट, तिथे नजर," तो म्हणाला. "नुसतं बोट दाखवून भागत नाही. नुसतं ओरडूनही नाही. कुवाबारासान, तुमचं बोट शेगडीकडे आणि डोळे माझ्याकडे आहेत."

"शेगडी रोजचीच आहे हो, तुम्ही कुठे रोज दिसता?" कुवाबाराबाई म्हणाल्या, आणि सभागृह हसलं.

पण वर्ग चालला. महिन्याभरात सकाळच्या वेळी आळी म्हणजे रेल्वेचं यार्ड झाली. "गोळी घेतली, ठीक!" "नळ बंद, ठीक!" कुवाबाराबाई दिवंगत यजमानांच्या तसबिरीपुढची मेणबत्तीसुद्धा बोट रोखून विझवायच्या. यजमान हयात असताना त्यांच्यावर इतका आवाज चढवायची सोय नव्हती, असं त्याच सांगायच्या. खरी गोष्ट अशी की कुणाचं काही जळलं नाही, कुणाचं काही हरवलं नाही, आणि इवाओचं नाव झालं.

शरदात पर्सिमनची केशरी फळं पिकायच्या दिवसांतली गोष्ट. फुसाएच्या मांडीवर तोफूचा डबा होता आणि पाणी सांडू नये म्हणून ती त्या दिवशी जागी होती. मोठ्या चौकाशी आल्यावर इवाओनं बोट रोखलं. "सिग्नल हिरवा, ठीक!"

सिग्नल लाल होता.

गाडी चौक ओलांडून गेली. डावीकडून सायकलवर येणारी एक बाई करकचून थांबली. इवाओचा चेहरा शांत होता. त्यानं वळण उत्तम घेतलं, गाडी दुकानापुढच्या आखलेल्या चौकोनात एका झटक्यात लावली, उतरून टायर तपासले. आपल्यालाच नीट दिसलं नसेल, असं फुसाएनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो, आणि फुसाए त्यात तरबेज होती.

मग ती घरात बघायला लागली. एका सकाळी किटलीखाली निळी ज्योत जळत होती. इवाओ दारात आला, बोट थेट त्या ज्योतीवर रोखलं आणि ओरडला, "गॅस बंद, ठीक!" आवाज तोच, हात सरळ, कुठे थरथर नाही. तो बूट घालायला गेला, आणि फुसाएनं मागून जाऊन गॅस बंद केला. त्यानंतर ती त्याच्या मागेमागेच राहू लागली. उघडी राहिलेली खिडकी लाव, वाहता नळ बंद कर. मोटारीतली पेंग गेली ती गेलीच.

तिनं ओसाकाच्या मुलाला, मासातोला फोन केला.

"आई, डोकं चालत नाही का त्यांचं? तसं असेल तर लायसन परत करायला लावू," तो म्हणाला.

"डोकं चालतंय रे. परवाच लायसनची ती म्हाताऱ्यांची परीक्षा झाली. चित्रं दाखवतात आणि मग आठवून लिहायला सांगतात. सगळ्यांत जास्त चित्रं यांनीच लिहिली. डोळेही तपासले, ठणठणीत आहेत."

"मग अडचण काय आहे?"

फुसाएला ते सांगता येईना. स्मरणशक्ती जागेवर होती, डोळे जागेवर होते. फक्त बोट पुढे जायचं आणि नजर त्याच्याबरोबर जायची नाही. इतकी वर्षं दोघं जोडीनं गेली, आता नजरेनं साथ सोडली होती आणि बोटाला पत्ताच नव्हता.

अशात निशिदे लाल चवळीच्या गोड सारणाच्या मिठाईचा डबा घेऊन आले. सोबत कुवाबाराबाई. मंडळाला एक व्हॅन मिळाली होती. बाजाराला जाणारी बस घाटाखालच्या रस्त्यावरून सुटते, तिथवर चालत जायचं म्हणजे म्हातारीकोतारी दमतात. दर गुरुवारी इवाओनं आळीतल्या आज्यांना व्हॅनमधून बाजाराला न्यावं, असा ठराव झाला होता.

"दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी बसायची नाही," कुवाबाराबाई म्हणाल्या. "यांचा आवाज ऐकला की मी डोळे मिटून निवांत. काय हो फुसाएसान?"

फुसाएनं चहा ओतायला घेतला. नवऱ्याच्या मागे फिरून ती त्याच्या चुका पुसत राहिली आणि त्याचं नाव राखत राहिली. त्याच नावाच्या भरवशावर आता आळीतल्या सगळ्या आज्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसणार होत्या. इवाओ पाहुण्यांसमोर मान लववून "जमेल तसं करीन" म्हणत होता, पण त्याचे कान आनंदानं लाल झाले होते. इतका खूश तिनं त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

पाहुणे गेल्यावर तिनं हिय्या केला. "अहो, तुम्ही मागे एकदा मोठ्या चौकात लाल सिग्नल तोडलात."

"मी?" इवाओ हसलाच आधी. मग त्याचा आवाज चढला. "फुसाए, आख्ख्या नोकरीत माझ्या कामावर बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नाही. मी सिग्नल बघून, बोलून पुढे जातो. तू तर गाडीत झोपलेली असतेस!"

"त्या दिवशी नव्हते झोपले."

"मग स्वप्न पडलं असेल." विषय संपला. म्हणजे त्याच्यापुरता संपला.

बुधवारी तो निशिदेंबरोबर व्हॅन चालवून बघणार होता. त्या सकाळी फुसाएनं कपाटातून त्याची ड्रायव्हरची टोपी काढली. तिच्या कडेची सोनेरी पट्टी ती अजून दर नव्या वर्षाला पुसत असे. टोपी तिनं थंड शेगडीवर, अगदी मधोमध ठेवली आणि बाजूला उभी राहिली. त्यानं टोपी पाहून आपल्यावर ओरडावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

इवाओ दारात आला. ताठ उभा राहिला. बोट टोपीवर रोखलं.

"गॅस बंद, ठीक! कडी लावली, ठीक!"

आणि तो बूट घालायला गेला.

"अहो," फुसाए म्हणाली. "शेगडीवर काय आहे?"

"काय असणार? काही नाही. आत्ताच बघितलं ना मी."

"बघितलंत?"

"अगं, ओरडलो एवढ्यानं, ऐकू येत नाही का?"

"ऐकलं मी. तुम्हाला दिसलं काय, ते विचारतेय."

तो चिडून आत आला. एका पायात बूट तसाच. लग्नापासून या घरात कुणाचा बूट उंबऱ्याच्या आत आला नव्हता. इवाओ शेगडीसमोर उभा राहिला. हाताच्या अंतरावर त्याची स्वतःची टोपी होती.

"ही आत्ता ठेवलीस."

"तुम्ही यायच्या आधीपासून आहे."

तो दारात परत गेला, जागेवर उभा राहिला, पुन्हा बोट रोखलं. या वेळी त्याला टोपी दिसली. ओरडायला उघडलेलं तोंड त्यानं मिटून घेतलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पर्सिमनची फळं पिकली तेव्हा मला कळलं. आधीचं ठाऊक नाही."

"आणि गॅस?"

"मी बंद करायचे. लागेल तेव्हा."

"मला बोलली का नाहीस?"

"बोलले. तुम्ही म्हणालात, स्वप्न पडलं."

इवाओनं खाली बसून बूट काढला आणि कोपऱ्यातल्या फडक्यानं स्वतःच फरशी पुसली. फुसाएला त्याची इतकी कीव आली की टोपी उचलून लपवावी आणि सगळं कालच्यासारखं करून टाकावं, असं वाटलं. पण तिनं टोपीला हात लावला नाही.

"केबिनमध्ये असं सापडलो असतो," तो म्हणाला, "तर पुढच्याच स्टेशनवर खाली उतरवलं असतं मला. आणि बरोबर केलं असतं."

सभागृहापुढे व्हॅन धुऊन पुसून उभी होती. आज्यांनी कौतुकानं गर्दी केली होती. इवाओनं किल्ली घ्यायला हात पुढे केला नाही. आपल्याकडून व्हॅन चालवणं होणार नाही, असं तो म्हणाला. निशिदेंना तो नम्रपणा वाटला आणि ते आणखी आग्रह करू लागले. शेवटी इवाओनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. जळता गॅस, लाल सिग्नल, टोपी, सगळं. एक शब्दही त्यानं सौम्य केला नाही. फुसाए मान खाली घालून ऐकत होती.

मग कुवाबाराबाईंनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस आम्ही उगाच घसे फोडले?"

"नाही," इवाओ म्हणाला. "तुम्ही नव्या आहात. तुम्हाला अजून बघावं लागतं. माझं पाठ झालं."

गुरुवारी आज्या घाटाखाली चालत गेल्या. इवाओ आणि फुसाएही त्यांच्याबरोबर गेले. इवाओची मोटार दारातच राहिली. बस चालवणारी बाई चाळिशीची, पांढरे हातमोजे घातलेली होती. सगळे बसल्यावर तिनं बोट रोखलं. "उजवीकडे, ठीक. डावीकडे, ठीक. बस निघतेय."

इवाओ सगळ्यांत पुढच्या सीटवर बसला होता. त्यानं तिच्या बोटाकडे पाहिलंच नाही. वरच्या आरशात तिचे डोळे दिसत होते, तो त्यांच्यावर नजर ठेवून होता.

"बघतेय ती," काही वेळानं तो फुसाएला हळूच म्हणाला. "खरंच बघतेय."

मागे कुवाबाराबाई मुळ्याच्या भावावरून कुणाशी तरी वाद घालत होत्या. मोठा चौक आला. बस सिग्नलपाशी पोचली आणि इवाओच्या मांडीवरचा उजवा हात आपोआप उचलला गेला, बोट सरळ झालं. तोंडातून आवाज निघायच्या आत त्यानं डाव्या हातानं ते बोट धरलं आणि खाली दाबलं. चौक मागे पडला तरी त्यानं ते सोडलं नाही.