तेवीस मीटरांची चूक

दुकानदाराने तिसऱ्यांदा मुलाकडे बघून उत्तर दिलं, तेव्हा इंचबाईंनी काउंटरवर बोटाने टकटक केलं.

"यंत्र मला घ्यायचंय, प्रश्न मी विचारतेय. मग उत्तरं याला कशाला देताय?"

दुकानदार ओशाळला. मुलगा छताकडे बघायला लागला. आईबरोबर दुकानात जायचं म्हणजे छताकडे बघायची तयारी ठेवावी लागते, हे त्याला चाळिशीत पोचेपर्यंत चांगलंच कळलं होतं.

इंचबाई हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी नळांचे नकाशे काढले आणि एकाही इंजिनिअरला इंचभर इकडेतिकडे सरकू दिलं नाही. लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव बाईंनी पदवीसारखं मिरवलं. निवृत्त झाल्यावर त्यांना स्वभावाला साजेसा खेळ सापडला. कुणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळणाऱ्यांच्या गटाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायचे, आणि बाकीच्यांनी हातात जीपीएस घेऊन तो हुडकून काढायचा. डब्यात एक वही असते. सापडला की वहीत सही करायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून यायचं. मुलगा याला म्हाताऱ्यांचा लपंडाव म्हणायचा. गटातले निम्मे लोक तिशीच्या आतले होते, पण ते त्याने कधी लक्षात घेतलं नाही.

शहराबाहेरच्या बंद दगडखाणीत इंचबाईंचा एक डबा होता. गेल्या वर्षी तिथे दरड कोसळली, म्हणून त्यांनी तो नव्या जागी हलवला आणि नवे आकडे पानावर टाकले. त्यानंतर पाच जण गेले आणि पाचही जण हात हलवत परत आले. इंचबाईंनी पाचही जणांना जाहीर उत्तरं दिली. एकाला लिहिलं, "डोळे उघडे ठेवून शोधावे." दुसऱ्याला, "फोन घरी ठेवावा व यंत्र घेऊन यावे." तिसऱ्याला काय लिहिलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

मग गटाच्या तपासनिसाचं पत्र आलं. रविवारपर्यंत मालकाने स्वतः जाऊन डबा तपासावा, नाहीतर तो यादीतून काढला जाईल. खाली आणखी दोन ओळी होत्या. "आपल्या चिरंजीवांनी हा डबा स्वतःच्या नावावर घेण्यासाठी अर्ज केला आहे. आपली हरकत नसल्यास तसेही करता येईल."

त्या दोन ओळींनी बाईंचं टाळकं फिरलं. दीड वर्षापूर्वी त्यांचा घोटा मुरगळला होता. तेव्हापासून हा मुलगा त्यांच्या आयुष्यातली एकेक गोष्ट हळूच आपल्याकडे ओढत होता. आधी डॉक्टरच्या वेळा, मग घराची दुरुस्ती, मग गाडीची किल्ली. सगळं प्रेमाने, हसत हसत, भांडायलासुद्धा जागा न ठेवता. आता डब्यावर आला होता. आणि नेमकं याच महिन्यात त्यांच्या जुन्या यंत्रातले सेल गळले आणि यंत्र कायमचं बंद पडलं.

"हे बघा, काकू," दुकानदार आता थेट त्यांच्याशी बोलायला लागला. "मोठा टचस्क्रीन, अगदी फोनसारखा. आणि हे लाल बटण. दाबलं की घरच्यांना कळतं तुम्ही कुठे आहात."

"हेच घे, आई," मुलगा म्हणाला.

"ओल्या बोटाने चालतो का? हातमोजा घातलेला असेल तर?"

"तसा... थोडा त्रास देतो."

"सेल बदलता येतात?"

"बॅटरी आतच असते. चार्ज करायची."

"रानात कुठे करू? झाडाला लावून?"

त्यांनी शेवटी जे निवडलं ते दिसायला ओबडधोबड होतं. बटणं ठसठशीत, डोक्यावर बोटभर अँटेना, पोटात दोन साधे पेन्सिल सेल. ते घेऊन त्या दुकानाच्या दारात उन्हात उभ्या राहिल्या आणि पडदा नीट वाचता येतोय ना ते पाहिलं. मग दोरी गळ्यात अडकवून दुकानात दोन फेऱ्या मारल्या, कारण हातात हलकं वाटणारं यंत्र तासाभराने मानेला जड होतं.

"सरासरी काढतं का हे?"

"म्हणजे?" दुकानदाराने विचारलं.

"एकदाच घेतलेल्या रीडिंगवर विसंबायचं नसतं. उपग्रह हलतात, आकडे सरकतात. यंत्र एका जागी ठेवायचं, पाच-दहा मिनिटं त्याला शेकडो रीडिंग घेऊ द्यायची आणि त्यांची सरासरी धरायची. गटातल्या प्रत्येक नवशिक्याला हे मी शिकवलंय."

काढतं, असं दुकानदाराने पुस्तिकेत बघून सांगितलं.

रविवारी सकाळी मुलानेच गाडी काढली, कारण किल्ली त्याच्याकडे होती. इंचबाईंच्या पाठपिशवीत काठी सोडून सगळं मावलं होतं. चार जादा सेल, टॉर्च, कातडी हातमोजे, कपारीत डोकावायला छोटा आरसा, तीस मीटरची फीत, होकायंत्र, आणि वहीसाठी पेन्सिल, कारण दमट कागदावर पेन रुसतं. खाणीच्या मोडक्या फाटकापाशी त्यांनी मुलाला थांबवलं.

"मी येतो ना बरोबर."

"डबा कुठेय ते मालक कुणाला दाखवत नसतो. पोटच्या पोरालासुद्धा नाही. बस इथे."

आत उतार होता आणि खडी पायाखाली सरकत होती. त्या काठी टेकत, न थांबता खाली गेल्या. घोटा कुरकुरला, त्यांनी लक्ष दिलं नाही. खाणीची भिंत तीन मजले उंच, सरळसोट कापलेली. तिच्या पायथ्याशी तिरका पडलेला एक दगड होता. त्याच्यामागे त्यांनी हात घातला आणि बोटांना डब्याचं झाकण लागलं. डबा कोरडा, रबर घट्ट, वही शाबूत.

इंचबाईंना मनापासून आनंद झाला, आणि तो काही साधासुधा आनंद नव्हता. पाचही आंधळ्यांना आता काय काय लिहायचं याची वाक्यं त्यांच्या डोक्यात फेर धरायला लागली. केवळ नियम म्हणून त्यांनी गळ्यातलं यंत्र उचललं आणि पानावर टाकलेले आकडे त्यात लावले.

पडद्यावरचा बाण त्यांच्याकडे पाठ करून मोकळ्या मैदानाकडे वळला. अंतर, तेवीस मीटर.

त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं. सेल बदलले. उपग्रह वाढायची वाट पाहिली. भिंतीपासून लांब जाऊन पाहिलं, दुसऱ्या बाजूने येऊन पाहिलं. दोन-तीन मीटर इकडेतिकडे झाले, पण बाण मैदानाकडेच बोट दाखवत राहिला.

मग त्यांना सगळं आठवलं. गेल्या वर्षी त्या इथे, या भिंतीला चिकटून उभ्या होत्या. अर्धं आकाश भिंतीने खाल्लेलं, उपग्रहांचे संदेश दगडावर आपटून वाकडेतिकडे येणारे. अशा जागी आकडे फसतात, हे त्या नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगत. त्यात खिशातला फोन वाजत होता, मुलाचा. कुठे आहेस, पोचलीस का, निघालीस का. वैतागून त्यांनी एकच रीडिंग घेतलं, आकडे टिपले आणि निघाल्या. सरासरी काढलीच नाही.

त्या दगडावर बसल्या. लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. पाच माणसं उन्हातान्हात इथे फिरली होती, आणि बाईंनी त्यांना आंधळं ठरवलं होतं.

बाण दाखवत होता तिथे मैदानात दगडांचा एक ढीग होता. इंचबाईंनी डबा उचलला आणि तिकडे गेल्या. ढिगात एक सुरेख पोकळी होती, डब्याच्या मापाची. इथे ठेवला की झालं. आकडे बरोबर, डबा बरोबर, पाच जण आंधळेच. फाटकाशी बसलेल्या पोरालासुद्धा कळणार नाही. त्यांनी डबा पोकळीत ठेवला, वर एक चपटा दगड लावला आणि चार पावलं मागे येऊन पाहिलं. झकास बसला होता.

कार्यालयात एका इंजिनिअरने एकदा असंच करू पाहिलं होतं. नकाशात नळ चुकीचा दाखवला गेला, तर नकाशा दुरुस्त करायचा सोडून तो नळ उखडायला निघाला होता. त्याची त्यांनी अशी काही खरडपट्टी काढली होती की तो महिनाभर त्यांच्या टेबलासमोरून जात नव्हता.

पण त्यांना हलवलं ते त्या आठवणीने नाही, रागाने. चूक लपवली तर मुलाचंच म्हणणं खरं ठरणार होतं. म्हणजे वय झालेल्या माणसाने एकदाही चुकायचं नाही, चुकला की त्याच्या हातातलं काढून घ्यायचं. हे त्यांनी कुठे कबूल केलं होतं? कधी केलं होतं? त्यांनी चपटा दगड बाजूला केला, डबा काढला आणि भिंतीपाशी नेऊन होता तिथे ठेवला.

मग काम सुरू झालं. मोकळ्यात, जिथे सगळं आकाश दिसत होतं, तिथे एका दगडावर त्यांनी यंत्र ठेवलं आणि दहा मिनिटं त्याला हात लावला नाही. सरासरी निघाल्यावर त्या जागेपासून डब्यापर्यंत फीत लावली. फितीचं टोक धरायला दुसरं माणूस लागतं. त्यांनी ते दगडाखाली दाबलं. होकायंत्राने दिशा घेतली, दिशा आणि अंतर यंत्रात भरलं आणि डब्याचे नवे आकडे काढून घेतले. अर्ध्या तासाने हे सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. दोन्ही वेळचे आकडे जुळले.

फाटकापाशी मुलगा येरझारा घालत होता. "किती वेळ, आई. मी आत येणारच होतो. सापडला?"

"डबा जागेवर आहे. आकडे चुकले होते. तेवीस मीटर."

त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे ना. या वयात होतं असं. म्हणूनच तर मी अर्ज—"

"या वयात नाही. घाईत होतं." त्यांनी त्याचा हात खांद्यावरून उतरवला. "तू मागच्या महिन्यात गाडी घराच्या फाटकावर घातलीस. मी घेतली का तुझी किल्ली काढून?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? सांग ना."

इंचबाईंनी फोन काढला आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. "खाणीतल्या डब्याचे आकडे चुकीचे होते. रीडिंग घाईत, भिंतीला चिकटून घेतले. चूक पूर्णपणे माझी. पाचही जणांची माफी मागते. नवे आकडे खाली दिले आहेत. डबा माझाच आहे व माझ्याच नावावर राहील."

"सगळ्या गटाला कळेल, आई."

"कळू दे." त्यांनी बटण दाबलं. "आता तुझा अर्ज मागे घे."

"आधी नवे आकडे बरोबर आहेत का ते तरी बघू."

"आकडे बरोबर असोत नाहीतर चूक. अर्ज मागे."

"आणि पुन्हा चुकलीस तर?"

"पुन्हा येईन. पुन्हा मोजीन. पुन्हा माफी मागेन. तुला जड जात असेल तर तू येऊ नकोस, मी बसने येईन."

त्याने आपला फोन काढला. अर्ज उघडला, अंगठा जरा रेंगाळला, आणि त्याने तो मागे घेतला. इंचबाईंनी मान वाकडी करून पडद्यावर खात्री करून घेतली. मग गळ्यातलं यंत्र काढून त्याच्या गळ्यात घातलं.

"आकडे तपासायला जागा माहीत नसलेलं माणूस लागतं. जा, शोध. उतारावर खडी सरकते, जपून. सापडला तर वहीत सही कर, शोधणाऱ्यांच्या यादीत. मालकाची जागा भरलेली आहे."