गार इंजिनाची तीन मिनिटं

ती गाडी दिवसातून एकदाच आपलं दुखणं दाखवायची, तेही सकाळी, इंजिन गार असताना. तीन मिनिटं, फार तर चार. एकदा का तापली, की मग दिवसभर अशी शहाण्यासारखी चालायची, की तक्रार करणाऱ्यालाच वेड्यात काढावं.

लाल, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. चाळीस वर्षांची जर्मन बाई. कार्बोरेटरची भानगड नाही, पेट्रोल इंजेक्शनने मोजून आत जातं. मालक चिखलोलीचा जयदेव. त्याच्या शेतावर बिल्डरचे टॉवर उभे राहिले आणि त्या पैशातून दारात ही. महिनाभर त्याने ती मिरवली. मग जानेवारीची थंडी पडली आणि गाडीने रोज सकाळी शेजाऱ्यांदेखत त्याची फजिती करायचा चंग बांधला. चालू व्हायची, थरथरायची, आणि एक्सलरेटरवरून पाय काढला की मरायची. म्हणून गेले चार दिवस तिचा मुक्काम उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, शिवरामच्या गॅरेजात होता.

नुसतं शिवराम म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. कानवाले शिवराम म्हटलं की कुणीही गल्ली दाखवायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि बिघाड सांगायचा. त्या कानावर त्यांचं घर चाललं, त्यांच्या मुलीचा, मायाचा, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झाला आणि ती त्यांच्याच गॅरेजात कामाला लागली. तो कान दोन वर्षांपूर्वी गेला. हे मायाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही वडिलांनी, म्हणजे तिच्या आबांनी, सांगितलं नव्हतं. आबा कुणालाच "काय?" असं विचारेनासे झाले, त्यावरून तिने ओळखलं. समोरच्याने काहीही म्हणावं, आबा आपले मान हलवायचे.

रविवारी सकाळी सातला जयदेव हजर झाला. आल्या आल्या त्याने बॉनेटवर तळवा ठेवला.

"गरम करून नाय ना ठेवली?"

"गारच आहे," माया म्हणाली. मेल्याला विश्वास म्हणून नाही, असं तिच्या मनात आलं. चार दिवसांत तो तिच्याशी एकदाच बोलला होता, चहा सांगायला.

"शिवरामकाका, आज नीट चालली तर ठीक. नायतर ठाण्याच्या गॅरेजला नेतो. पोरं हसतात हो मला."

आबांनी मान हलवली.

जयदेवने चावी फिरवली. इंजिन पेटलं आणि थरथरायला लागलं. चार दिवस आबांनी गाडी एकट्यानेच पाहिली होती; माया आज पहिल्यांदा जवळ होती आणि तिला लगेच शीळ ऐकू आली, फुग्याच्या तोंडातून हवा सुटावी तशी बारीक. डाव्या बाजूने, खालून. तिने आबांकडे पाहिलं. स्क्रूड्रायव्हर बरोबर त्याच जागेपासून वीतभर अंतरावर टेकवून, डोळे मिटून आबा उभे होते. चेहऱ्यावर काही नव्हतं.

इंजिन मेलं.

"हवा कुठे लीक नाय," आबा ठामपणे म्हणाले. "पेट्रोल कमी पडतंय. वाढवून देतो." आणि त्यांनी खिशातून पाना काढला.

मायाला पुढचं दिसलं. पेट्रोल वाढवलं, की गाडी आज सकाळी नीट चालणार, जयदेव खूश होऊन निघणार आणि दुपारी भर रस्त्यात काळा धूर ओकत बंद पडणार. मग काय राहणार आबांच्या नावाचं? बोलावं तर आत्ताच, एका गिऱ्हाइकासमोर कान उघडा पडतो. गप्प राहावं तर दुपारी सगळ्या कॅम्पासमोर. शिवाय तेवढ्यातही इंजिन थोडं तापलं होतं. फार तर अजून एकदा चालू करता येईल, मग शीळ बंद होणार आणि उद्यापर्यंत कुणाला काही सिद्ध करता येणार नव्हतं.

पाना पेट्रोल वाढवायच्या स्क्रूपाशी पोहोचला होता.

"आबा, थांबा!" ती ओरडली, आणि मग उगाच म्हणाली, "धूळ आहे. पुसून घेते."

तिने फडकं पाण्यात बुचकळलं. "मारा स्टार्टर," ती जयदेवला म्हणाली. इंजिन पुन्हा थरथरायला लागलं. तिने आबांचा हात धरला, हवेच्या पाइपावर ठेवला आणि त्याखालच्या रबरावर ओलं फडकं घट्ट दाबलं.

थरथर थांबली, इंजिन एका लयीत चालायला लागलं.

फडकं काढलं. थरथर सुरू. दाबलं, पुन्हा लयीत.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची बोटं पाइपावरून खाली घसरली, रबराच्या घडीत शिरली आणि एका जागी थांबली.

"भेग," ते म्हणाले. "इथून चोरून हवा पितेय. मोजलेल्या पेट्रोलला जास्तीची हवा, मग मरणारच. तापल्यावर रबर मऊ पडतं, भेग मिटते. म्हणून दुपारी बरी."

जयदेवने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि आपल्या कानाच्या पाळीला हात लावून हसला. "मानलं काका! कान म्हणजे कान!"

सुटलो, असं मायाला वाटलं. तिने फडकं पिळलं.

आबांना शब्द कळले नसतील, पण पाळीला लावलेला हात कळला. त्यांनी पाना बाकड्यावर ठेवला.

"कान कसला, जयदेव. दोन वर्षं झाली, मला ऐकू येत नाय. हे हिने ऐकलं. मी तुझ्या गाडीची वाट लावत होतो."

मायाला भडभडून आलं, आणि रागही आला. एवढं झाकलं, ते कशासाठी? जयदेवने गाडीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. आता हा ठाण्याची वाट धरणार, याची मायाला खात्रीच पटली. त्याने चावी काढली, आणि पुढे होऊन ती मायाच्या ओल्या हातात ठेवली.

"गाडी ठेवून जातो. नवं रबर मिळालं की फोन करा, ताई."

आबा त्याच्या ओठांकडे बघत होते. सवयीने त्यांची मान हलायला लागली, आणि अर्ध्यातच थांबली.

"काय?" त्यांनी मायाला विचारलं. "काय म्हणतोय तो?"

मायाने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि इतक्या मोठ्याने सांगितलं, की समोर शटर उघडणारा दुकानदारही वळून बघायला लागला.