सुलक्षणाताईंच्या निळ्या रेघा आणि टेबलावरचा पाय

मी एक जुना प्लास्टिकचा पाय आहे. डावा. हसू नका, मित्रांनो! गुडघ्याच्या चार बोटं वर मी सुरू होतो आणि करंगळीपाशी संपतो. अंगावर लाल-निळ्या शिरा रंगवलेल्या आहेत. पोटरीला एक झाकण आहे, ते उघडलं की आतल्या मोठ्या शिरा आणि त्यांच्यातल्या झडपा दिसतात. आयुष्यात मी एक पाऊलही चाललो नाही. तरी पायांबद्दल मला जे कळतं ते चालणाऱ्यांनाही कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मला छाती नाही ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी नुसता फिकट ठोकळा होतो. मग एका बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि बारीक कुंचल्याने एकेक शीर काढली. घोट्याजवळच्या जांभळ्या रेघा काढताना तर त्या श्वास रोखून धरायच्या. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. पण आज मी जो काही आहे तो त्यांच्या हातामुळे आहे, आणि त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

खोक्यात बसून मी अबुधाबीला आलो. डॉक्टर शर्वाणी यांनी तेव्हा पायांच्या शिरांचा दवाखाना नुकताच उघडला होता. खोकं उघडलं ते रिसेप्शनवरच्या मुनीरभाईंनी. आत माणसाचा पाय बघून ते "या अल्ला!" म्हणून जे मागे सरकले, ते थेट पाण्याच्या कूलरवर आदळले. पुढे मात्र आमची चांगली गट्टी जमली. रोज सकाळी ते मला पुसायचे आणि अंगठ्याला हात लावून "सलाम, साहब" म्हणायचे.

ते दिवस फार मानाचे होते. कोणीही आलं की डॉक्टर मला पुढ्यात घ्यायच्या. "हे बघा," त्या सांगायच्या, "पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं. या झडपा त्याला खाली घसरू देत नाहीत. आणि या वरच्या बारीक रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, यांना म्हणतात स्पायडर व्हेन्स." लोक मान हलवायचे आणि लगेच विचारायचे, "किती खर्च येईल?" शंभरातल्या नव्याण्णवांचा पहिला प्रश्न हाच. ऐकून ऐकून उत्तर मलाही पाठ झालं.

मग एक मोठा स्क्रीन आला. त्यात पाय गरगर फिरायचा, रक्त झुळझुळ वाहायचं. माझ्या झाकणाचा स्क्रू तेव्हा सैल झाला होता आणि एका बोटाचा टवका उडाला होता. माझी रवानगी कपाटात झाली, जुन्या फायली आणि सजावटीच्या झुंबरांमध्ये. दीड वर्ष मी तिथे होतो. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

एका जूनमध्ये कपाटाबाहेरून एक खणखणीत आवाज आला. "डॉक्टर, हे टीव्हीतलं माझ्या डोक्यावरून जातंय हो. हात लावून बघता येईल असं काही नाही का?"

"मुनीर," डॉक्टर म्हणाल्या, "वो अपना पैर निकालो."

अशी माझी आणि सुलक्षणाताईंची भेट झाली. ताईंचा अबुधाबीजवळच्या मुसफ्फामध्ये जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय. पहाटे पाचपासून ओट्यापुढे उभ्या. पंधरा वर्षांत दोन्ही पोटऱ्यांवर आणि घोट्यांवर निळ्या-जांभळ्या रेघांचं जाळं पसरलं होतं. सोबत त्यांची मुलगी दिया, अठरा वर्षांची. ती ऑगस्टच्या शेवटी शिकायला पुण्याला जाणार होती.

"खरं सांगू का डॉक्टर," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "ही दहा वर्षांची असताना बिल्डिंगच्या स्विमिंग पूलवर एक बाई मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'अगंबाई, हे काय झालंय पायांना?' तेव्हापासून मी पाण्यात उतरले नाही. ही हाका मारायची आणि मी वर बसून टॉवेल सांभाळायचे. आठ वर्षं झाली. आता ही जाणार. जायच्या आधी एकदा मला हिच्याबरोबर समुद्रात जायचंय. त्याच्या आत हे सगळं जायला पाहिजे."

दिया माझ्या टवका उडालेल्या बोटाशी खेळत होती.

डॉक्टरांनी पाय तपासले आणि कागदावर लिहिलं. आधी दोन्ही पायांचा स्कॅन, चारशे दिरहॅम. मग शिरांत औषधाच्या बारीक सुया. एका सिटिंगचे नऊशे, आणि तीन सिटिंग लागतील असं दिसतंय. वर दाब देणारे मोजे अडीचशे. एकूण तीन हजार तीनशे पन्नास.

ताईंनी डोळे मिटले. इथे आलेल्या आपल्या माणसांची ही जुनी खोड. पगार दिरहॅममध्ये, भाजी दिरहॅममध्ये, मुलांची फी दिरहॅममध्ये. पण स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की लगेच चोवीसने गुणायचं! "ऐंशी हजार रुपये!" ताई ओरडल्या. "पायावरच्या रेघांना? इन्शुरन्स नाही देणार?"

"ये कॉस्मेटिक में आता है, मॅडम," दारातून मुनीरभाई म्हणाले. "दिखने के लिए किया तो इन्शुरन्स नहीं चलेगा."

ताईंनी पर्समधून फोन काढला. "ही जाहिरात बघा. दोन्ही पाय, चारशे नव्व्याण्णव! बरं, तुम्ही असं करा. स्कॅन वगळा आणि मोजे वगळा. मग किती?"

मित्रांनो, मी खूप घासाघीस ऐकली आहे. पण उपचारातून तपासणीच वगळा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच!

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी माझं झाकण उघडलं आणि ताईंचं बोट आतल्या झडपेवर ठेवलं. "ताई, तुमच्या किचनमध्ये सिंकखालचा पाइप गळत असेल आणि तुम्ही नुसती फरशी पुसत बसलात, तर?"

"परत ओली होईल."

"मग पाइप गळतोय की नाही हे आधी बघायला नको? आतली झडप बिघडली असेल तर वर कितीही सुया दिल्या तरी रेघा परत येतात. आणि मोजे घातले नाहीत तर सुया दिलेल्या जागी डाग आणि सूज येण्याची भीती जास्त. बाकी भाव प्रत्येकाचा वेगळाच असतो. रेघा किती आहेत, कुठे आहेत, सुई द्यायची की लेझर, सुई देणाऱ्याचा हात किती वर्षांचा, दवाखाना कुठल्या भागात आहे, या सगळ्यावर तो ठरतो. ते चारशे नव्व्याण्णव एखाद्याला पुरतीलही. फक्त पैसे भरायच्या आधी विचारा, त्यात किती सुया आहेत, स्कॅन आणि मोजे धरलेत का, आणि सुई कोण देणार. आणि अजून एक. रेघा लगेच जात नाहीत, आठवडे लागतात. ऑगस्टपर्यंत सगळं साफ होईल असा शब्द मी देणार नाही."

शेवटचं वाक्य ताईंना झोंबलं. "मग एवढे पैसे घालून उपयोग काय?" त्या उठल्या आणि तरातरा निघून गेल्या. डॉक्टर माझं झाकण लावत नुसत्या हसल्या. त्यांनी मला परत कपाटात मात्र ठेवलं नाही.

पाचव्या दिवशी ताई हजर! खुर्चीत बसत नाहीत तोच म्हणाल्या, "डॉक्टर, काल एक गिऱ्हाईक मला म्हणालं, 'वहिनी, वरणावरचं तूप वगळा आणि डबा दोन दिरहॅमने कमी करा.' असा संताप आला मला! म्हटलं, डाळ, गॅस, बायकांचे पगार, गाडीचं पेट्रोल, हे काय तुपातून येतं? मग एकदम तुमचं तोंड आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं."

दिया हसायला लागली. "अँड आय कॉल्ड दॅट अदर प्लेस, ती जाहिरातवाली. फक्त दहा सुया! स्कॅन करतच नाहीत, मोजे एक्स्ट्रा. आईला दहा सुया म्हणजे एका घोट्यालाही पुरणार नाहीत."

स्कॅन झाला. त्या अर्ध्या तासात मी टेबलावर अगदी जीव मुठीत धरून होतो. मूठ नाही, पण तुम्हाला समजलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "झडपा उत्तम आहेत, ताई. आत काही बिघाड नाही." ताईंनी देवाचे आभार मानले. "चारशे दिरहॅम वसूल झाले हो," त्या म्हणाल्या, "आता निदान झोप तरी लागेल."

जुलैच्या सुरुवातीला पहिली सिटिंग झाली. सुया टोचताना ताईंनी मला घट्ट धरून ठेवलं होतं. माझा स्क्रू जवळजवळ निखळलाच, पण मी हूं का चूं केलं नाही. भर उन्हाळ्यात, तापलेल्या किचनमध्ये त्यांनी इमानेइतबारे मोजे घातले. रोज डॉक्टरांच्या नावाने बोटंही मोडली म्हणे.

ऑगस्टमध्ये त्या तपासणीला आल्या तेव्हा दियाचं विमान चार दिवसांवर आलं होतं. डाव्या पायावरच्या बऱ्याच रेघा फिकटल्या होत्या. उजव्या घोट्यावरचं जाळं मात्र तसंच होतं, आणि दोन ठिकाणी तपकिरी डाग आले होते. ताईंचा चेहरा पडला. "नाहीच झालं शेवटी," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डाग हळूहळू जातील, ताई. राहिलेल्या सिटिंग थंडीत करू," डॉक्टर म्हणाल्या. "ऊन मात्र टाळा. समुद्रावर जायचं तर सूर्य खाली गेल्यावर जा."

"कशाला जाते मी आता!"

जाताना ताईंनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर, तुमच्याकडे स्क्रीन आहे. हा पाय मला देता का? माझ्या किचनमध्ये पाच बायका दिवसभर उभ्या असतात. ती शहरबानू तर सात वर्षं चपात्या लाटतेय. त्यांनाही दाखवायला पाहिजे, पायात काय काय असतं ते."

डॉक्टरांनी मला आनंदाने दिलं. मुनीरभाईंनी शेवटचं पुसलं आणि म्हणाले, "जाओ साहब, इन्शाल्ला फिर मिलेंगे." त्यांनी पुन्हा एकदा माझ्या अंगठ्याला हात लावला. माझंही मन भरून आलं.

दियाने मला पाठीवरच्या सॅकमध्ये खोचलं. मी मावेना, म्हणून तळपाय वर राहिला. गाडीत बसल्यावर ती आईला म्हणाली, "यल्ला आई, चल, कॉर्निशच्या बीचवर. आत्ता." ताई नको नको म्हणत राहिल्या, पण गाडी दिया चालवत होती.

सूर्य नुकताच खाली गेला होता. किनाऱ्यावर ही गर्दी! दियाने सॅक वाळूत टेकवली आणि ती पाण्याकडे पळाली. ताई माझ्याजवळ बसल्या. सलवार घोट्यांवर घट्ट ओढून, मान खाली घालून. "आई, ये ना!" दियाने हाक मारली. ताई हलल्या नाहीत.

तेवढ्यात एक लहान मुलगा किंचाळला. बोट माझ्याकडे! त्याची आई दचकली. बाजूचे दोघे उठून उभे राहिले. कोणी फोन काढला, कोणी "खलास!" म्हणून कपाळाला हात लावला. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली, आणि सगळ्यांचे डोळे सॅकमधून वर आलेल्या माझ्या पाच बोटांवर. ताई गडबडीने उठल्या, मला बाहेर काढलं, माझ्यावर टकटक वाजवून दाखवलं. "प्लास्टिक! प्लास्टिक है!" सगळा किनारा हसायला लागला. आणि ताईही हसायला लागल्या, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या धांदलीत त्यांची सलवार गुडघ्यापर्यंत वर सरकली होती. निळ्या रेघा, तपकिरी डाग, सगळं उघडं. एकाही माणसाने तिकडे पाहिलं नाही. हे ताईंच्या लक्षात आलं तसं त्यांचं हसू थांबलं. त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग माणसांकडे. मग मला वाळूत नीट टेकवून त्या सरळ पाण्यात चालत गेल्या.

कमरेएवढ्या पाण्यात दियाने आईला मिठी मारली. "आई, आय नेव्हर लुक्ड ॲट युअर लेग्ज," ती रडत म्हणाली. "आठ वर्षं मला फक्त तू पाण्यात हवी होतीस."

मित्रांनो, माझ्या आयुष्याचं सोनं झालं ते त्या संध्याकाळी.

आता मी मुसफ्फाच्या किचनमध्ये, मसाल्याच्या डब्यांशेजारी असतो. ताईंच्या राहिलेल्या दोन सिटिंग थंडीत झाल्या आणि त्याचे पैसे देताना त्यांनी चोवीसने गुणलं नाही. किचनमध्ये पाच उंच स्टुलं आली आहेत. तासातासाला ताई माझ्यावर टकटक करतात आणि सगळ्या बायका पाच मिनिटं बसतात. शहरबानूबाई बसताना माझ्या अंगठ्याला हात लावतात. रंग उडाला, स्क्रू गेला, तरी मला काही उणं नाही. मला घडवणाऱ्या, पुसणाऱ्या, मागून नेणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

माझं एकच मागणं आहे. मला पुसू नका, जपू नका, चालेल. पण आज जेवायला बसाल तेव्हा आधी बघा, घरात अजून कोण उभं आहे. त्यांचा हात धरा आणि म्हणा, "तू बस. आज मी वाढतो."