नवव्या माळेतली निवड

“माळ हातात असली की उठायचं नाही, बोलायचं नाही. घरात साप निघाला तरी ‘साप’ म्हणायचं नाही. बोटानं दाखवायचा आणि पुढचा मणी ओढायचा,” असं माईआत्या सांगायची. गुहागरला तिच्या देवघरात खरंच साप निघत, त्यामुळे ती हे उगाच बोलत नसे.

कुवेतमध्ये, सलव्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर साप निघत नाहीत. इथे ह्यांची बास्केटबॉलची माणसं निघतात.

आमचा देव्हारा हॉलमध्येच आहे, टीव्हीच्या शेजारी. रोज दिवेलागणीनंतर मी तिथे बसते आणि अकरा माळा रामनाम घेते. साधारण पाऊण तासाच्या वर लागतो. तेवढा वेळ टीव्ही बंद आणि मीही बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नऊ वर्षांत एकदाही मधे उठले नव्हते. एकदा कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, वरणाचा कोळसा झाला, तरी नाही.

त्या रविवारी सहा वाजून दहा मिनिटांनी मी पहिला मणी ओढला, आणि सव्वासहाला बेल वाजली.

इथल्या भारतीय कुटुंबांची मुलामुलींची एक बास्केटबॉल स्पर्धा असते, चौदा वर्षांखालची. सहा संघ. आमचा सगळ्यांत नवा, आणि मागच्या वर्षी दहापैकी दहा सामने हरलेला. आमची अबोली त्याची कप्तान आहे आणि हे व्यवस्थापक. सप्टेंबरात नवी मुलं नावं नोंदवतात, शुक्रवारी त्यांची चाचणी होते, आणि मग एकेक संघ एकेक मूल निवडतो. त्याला सगळे ड्राफ्ट म्हणतात. मला मात्र तो स्थळं बघण्यासारखाच वाटतो. तीच उंचीची यादी, तोच दाखवायचा कार्यक्रम, आणि नंतर चहा पिता पिता लोकांच्या मुलांना नावं ठेवणं.

सगळ्यांत खाली असलेल्या संघाला पहिली निवड मिळते. म्हणजे आम्हाला. सात वाजेपर्यंत जयप्रकाशजींना, म्हणजे स्पर्धेच्या प्रमुखांना, नाव कळवायचं होतं. यंदा नवी मुलं सात आणि जागा सहा. एक मूल बाहेर राहणार.

कोण राहणार तेही ठरल्यासारखंच होतं. फखरुन्निसा. तौफीकभाई दाभोळकडचे, सुलैबियात भाजीच्या घाऊक बाजारात काम करतात, घरही तिथेच. त्यांची ही मुलगी सलग तिसऱ्या वर्षी नाव नोंदवत होती. दोन वर्षं तिला कुणी घेतलं नाही. पुढच्या वर्षी ती चौदा पूर्ण करणार, म्हणजे हीच शेवटची संधी. चाचणीच्या दिवशी मी मुलांना संत्री वाटत होते, तेव्हा तिनं फोड घेतली नाही. “मावशी, खाल्लं की मला धावता येत नाही,” म्हणाली. एवढंच आमचं बोलणं.

तर बेल वाजली आणि प्रशिक्षक अभिजीत आत आला. हा दातांचा डॉक्टर, नाशिकला कॉलेजच्या संघात खेळलेला. त्याच्यामागून श्यामला, इस्पितळात लॅब टेक्निशियन, मूळची परभणीची. तिचा मुलगा आमच्या संघात आहे. तिच्या हातात एक डबा होता.

“सुयशच्या आईनं पाठवल्यात करंज्या,” ती म्हणाली. “ओल्या नारळाच्या. मला म्हणल्या, सहज केल्या होत्या.”

“ड्राफ्टच्या दिवशी सहज?” अभिजीतनं विचारलं.

“मी पण तेच म्हणलं. मग दोन खाल्ल्या.”

ह्यांनी लॅपटॉप उघडला. हे तेल कंपनीत सुरक्षा विभागात आहेत, त्यामुळे घरात काहीही ठरवायचं तर आधी लाल-पिवळा-हिरवा तक्ता होतो. अबोलीच्या शाळेसाठी झाला होता, सोफ्यासाठीही. आता सात मुलांचा झाला होता.

“सुयश,” हे म्हणाले. “वय तेरा, उंची पाच फूट दहा. चाचणीत दोन बास्केट. सगळे रकाने हिरवे. फखरुन्निसा. उंची चार फूट नऊ. बास्केट शून्य. येण्याजाण्याची सोय शून्य. लाल, लाल, लाल.”

“अहो दिनकरदादा, ते पोरगं नुसतं उभं राहतंय,” श्यामला म्हणाली. “चेंडू अंगावर आला की डोळे मिटतंय. खांबच घ्यायचा असेल तर खाली पार्किंगमधला घ्या की. तो करंज्या पण मागणार नाही.”

“हाइट शिकवता येत नाही, ताई,” अभिजीत म्हणाला. “बाकी सगळं शिकवता येतं.”

“मागच्या वर्षी काय शिकवलंस?”

अभिजीतनं करंजी घेतली.

“शिवाय,” हे आवाज खाली आणून म्हणाले, “त्यांच्याकडे सात जणांची गाडी आहे. निम्मा संघ एका फेरीत येईल.”

“म्हणजे आपण पोरगं घेतोय का गाडी?”

“बाबा, फखरू इज द ओन्ली वन हू लुक्स बिफोर शी पासेस,” अबोली आतून ओरडली.

“तुला मत नाही. तू अभ्यास कर.”

“आय अ‍ॅम द कॅप्टन!”

“कप्तानांनाही गणित असतं.”

मी डोळे मिटून बसले होते, पण कान काही मिटता येत नाहीत. आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी ह्यांच्या तक्त्यात नव्हती. चाचणीच्या वेळी हे आकडे लिहीत होते, अभिजीत शिट्टी शोधत होता, श्यामला अर्धा वेळ फोनवर होती. मोठ्यांत सगळा खेळ बघत होते ती मी एकटीच, कारण संत्री वाटून झाली होती.

आता बोलावं तर तीन माळा बाकी. मी मनात हिशोब केला. सात वाजून पाचला जप संपणार. पाच मिनिटं जास्त होत होती. मी थोडं भरभर ओढायला लागले, मग लाज वाटली आणि पुन्हा हळू केलं.

“असं काही ठरणार नाही,” अभिजीत म्हणाला. “तुम्ही सुयश, ताई फखरुन्निसा, मी मधे. सात वाजायला दहा मिनिटं आहेत. वहिनींना विचारू या. घर त्यांचं, संत्री त्यांची.”

“ती जपाला बसलीय. बोलणार नाही.”

“मान हलवली तरी पुरे. वहिनी, सुयशला घ्यायचं ना?”

आता जपाची रीत अशी, की एकशे आठ मणी झाले की मोठा मेरुमणी येतो. तो ओलांडायचा नाही. माळ तिथूनच उलटी फिरवायची, आणि फिरवताना मान लववून नमस्कार करायचा. अभिजीतनं विचारलं नेमकं त्याच क्षणी माझी आठवी माळ संपली. मेरुमणी बोटाला लागला आणि नऊ वर्षांच्या सवयीनं माझी मान खाली गेली. चांगली खोल.

“झालं!” हे म्हणाले. “हो म्हणाली.”

“देवाला नमस्कार केला त्यांनी!” श्यामला उसळली.

“प्रश्न विचारल्यावर केला.”

“माळ फिरवताना करतात तसं! माझी आजी करायची.”

“श्यामलाताई, मी बावीस वर्षं हिच्याबरोबर संसार करतोय. हिची मान मला कळते.”

ती मान ह्यांना कधीच कळलेली नाही. पण ते मी तेव्हा सांगू शकत नव्हते, आणि इतर वेळी सांगत नाही.

हे संदेश लिहायला बसले. नावाबरोबर मुलाच्या सिव्हिल आयडीचा बारा आकडी नंबरही द्यायचा होता. आणि हे कुठलाही नंबर तीनदा ताडून बघितल्याशिवाय पाठवत नाहीत.

“अभिजीत, तू वाच, मी लिहितो.”

“तीन.”

“तीन. पुढे?”

“एक. दोन.”

“थांब, घाई नको.”

माझा मणी बेचाळीस होता, की तीन? कानात आकडे, ओठांवर राम. मी डोळे उघडले. घड्याळात सहा पंचावन्न. समोर रामाची तसबीर, नेहमीसारखी शांत. त्याला काही सात वाजता नाव कळवायचं नव्हतं.

चार फूट नऊ इंचांची ती पोर यंदाही मैदानाच्या पायरीवर बसून बघणार, आणि ते माझ्या मानेमुळे. ती लाल रकान्यामुळे राहिली असती तर मी देवाला सांगितलं असतं, बाबा, तुझी इच्छा. पण इथे त्याच्याच नमस्काराचा मत म्हणून वापर झाला होता.

“नाही,” मी म्हणाले.

कुणालाच ऐकू गेलं नाही. माझा आवाज तसाही दुकानात दुसऱ्यांदा विचारायला लावणारा आहे.

“सुयश नाही,” मी पुन्हा म्हणाले.

“आठ,” अभिजीत वाचत होता.

“आठ,” हे लिहीत होते.

तेव्हा मी उठले. हातात माळ, अंगठा त्या मण्यावर तसाच दाबलेला.

ह्यांचं बोट फोनवर अधांतरी राहिलं. श्यामला करंजी तोंडाशी धरून बघत होती. अबोली दारात आली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, “आई, काय झालं? आग लागली?”

“सुयशचे दोन्ही बास्केट फखरुन्निसाचे आहेत,” मी म्हणाले.

“म्हणजे?” ह्यांनी विचारलं.

“त्याला कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं. तिनं त्याचं कोपर धरून त्याला जाळीखाली नेऊन उभं केलं. हात वर करायला लावले. मग लांब गेली आणि चेंडू त्याच्या हातात टाकला. त्यानं तो वर सोडला फक्त. दोन्ही वेळा. आणि दुसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले होते.”

अभिजीतनं आपल्या फोनवर चाचणीचं चित्रीकरण लावलं. चौघं त्यावर वाकले. मी उभीच होते.

“अरे, खरंच की,” अभिजीत म्हणाला. “कोपर धरलंय. ताई, ही शिकवतेय त्याला. विरुद्ध संघातल्या पोराला!”

“विरुद्ध संघात होती?” ह्यांनी विचारलं.

“त्याचा निळा जाळीचा शर्ट, तिचा पिवळा.”

“मग हे पिवळ्यांचं नुकसान झालं.”

“दादा, चाचणी होती! हिनं समोरच्याला खेळवलंय. आपल्याकडे पाच पोरं उभीच असतात, त्यांना कोपराला धरून नेणारं कुणीतरी पाहिजे.” अभिजीतचा आवाज चढला. “माझं मत फखरुन्निसाला.”

“टोल्ड यू,” अबोली म्हणाली.

हे तक्त्याकडे बघत राहिले. नंतर हळूच म्हणाले, “मान्य. खेळ हिरवा करतो. पण हा रकाना कसा बदलू? शुक्रवारी सकाळी सराव. तौफीकभाई त्या वेळी बाजारात. मला ड्यूटी. अभिजीतची गाडी आधीच भरलेली. दोन वर्षं तिला कुणी घेतलं नाही ते खेळामुळे नाही, प्रभा. सुलैबियाहून आणणार कोण?”

श्यामलानं इस्पितळातल्या आपल्या पाळ्या बोटांवर मोजल्या आणि मान हलवली. सहा अठ्ठावन्न झाले होते.

“मी आणीन,” मी म्हणाले.

पहिल्यांदा अबोली हसली, मग हे. श्यामलाला हसू आवरायला पदर नव्हता, तिनं डब्याचं झाकण धरलं. त्यांचंही बरोबर होतं. लायसन्स मिळून मला चार वर्षं झाली, पण मी गाडी नेते ती फक्त जमइयापर्यंत, म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी भांडारापर्यंत. इथे गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून तीसुद्धा सगळी सोपी, उजवी वळणं घेत. जायला चार मिनिटं लागतात आणि यायला वीस.

“अगं, सिक्स्थ रिंग रोड आहे तो,” हे म्हणाले. “तिथे लोक मागून दिवे मारतात.”

“मारू देत.”

“दर शुक्रवारी?”

“दर शुक्रवारी. आणायचं आणि पोचवायचं. स्पर्धा संपेपर्यंत.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या माळेकडे बघितलं. नऊ वर्षांत वांगं सोडलं ते सोडलं, सोमवार धरला तो धरला, हे ह्यांनी रोज जेवताना बघितलेलं आहे. हसू बंद झालं. ह्यांनी तो रकाना हिरवा केला, सुयशचा नंबर खोडला आणि म्हणाले, “अभिजीत, वाच. एकदाच वाच.”

सात वाजायला काही सेकंद असताना नाव गेलं. सुयशला पुढच्याच संघानं उचललं, गाडीसकट. त्याच्या आईचा निरोप आला, करंज्यांचा डबा परत द्यायची घाई नाही. श्यामलानं तो वाचून आणखी एक करंजी घेतली.

मी तौफीकभाईंना फोन केला. त्यांना दोनदा सांगावं लागलं. एकदा ऐकू गेलं नाही, एकदा खरं वाटलं नाही.

“पण वैनी, तुमी कशाला येवढा तरास घेताव? आमचा रस्ता लय वायट हाय, ट्रकांचा.”

“सव्वासातला तिला खाली उभी ठेवा.”

“ती साडेपाचलाच उभी राहील, वैनी.”

मागे कुणीतरी किंचाळलं आणि काहीतरी भांडं पडलं. तौफीकभाई म्हणाले, तिनं ऐकलं.

फोन ठेवून मी पुन्हा देव्हाऱ्यापुढे बसले आणि पहिल्या माळेपासून सुरुवात केली. अकराच्या अकरा. त्या दिवशी जेवायला नऊ वाजले. कुणी कुरकुर केली नाही. वरण ह्यांनी गरम केलं.

शुक्रवारी आंघोळ, पूजा उरकून मी साडेसहाला खाली उतरले. हे ड्यूटीवर गेले होते, अबोली झोपली होती. तिला अभिजीत नेणार होता. सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे पुसले. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, शेजारची गाडी धूत होता. मला चाकामागे बसलेली बघून त्यानं आपली बादली उचलून भिंतीशी ठेवली, आणि जरा विचार करून स्वतःही तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. मी त्याला हात केला, वळायचा दिवा लावला आणि गाडी हळूच बाहेर काढली.