येसूचा वाटा

प्राप्तीचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. वैशाखात नातीच्या हळदीला नाचलेल्या येसूबाईने दिवाळीपर्यंत अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. निरोप आला तसा तिचा भाऊ काळूराम आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरला आणि रिक्षाने दिवेआगरला, तिच्या घरी निघाला. वय पंच्याहत्तर, हातात नानकटाईचा पुडा. लहानपणीची एक लबाडी बहिणीला सांगायची होती. आज नाही सांगितली तर राहूनच जाईल, हे त्याला कळत होतं.

ही तीन भावंडं. भागोजी थोरला, काळूराम मधला, येसू शेंडेफळ. बाप मुरूडला मासळी विकून येताना बेकरीतली फुटकी नानकटाई आणायचा. तुकडे लहानमोठे, त्यामुळे भांडणं. मग बोटीवर मासळी वाटायची रीत मुलांनी घरात आणली. तीन वाटे मांडायचे. एकाने पाठ करून बसायचं, दुसऱ्याने एकेका वाट्याला हात लावून विचारायचं, "ह्यो कुनाचा?" पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. कामंही तशीच वाटायची, तीन कामांचे तीन शिंपले मांडून: विहिरीचं पाणी आणणं, जाळ्यातला कचरा काढणं आणि वाळत घातलेल्या जवळ्यावरचे कावळे हाकणं. कावळ्यांचं काम कुणालाच नको असे. दुपारभर उन्हात बसावं लागायचं.

हात लावणारा भागोजी, पाठमोरा काळूराम. वाईट वाटा आला की भागोजी वाळूत टाच घासायचा आणि काळूराम म्हणायचा, "येसूचा." चार वर्षं असंच चाललं.

येसूबाई पुडा बघून हसली. "दात हायत का तुला, काळूदादा?"

"तुझ्यापेक्षा दोन जास्तच हायत."

आजीसाठी आलेली प्राप्ती चहा ठेवून बाहेर गेली, तेव्हा त्याने सांगून टाकलं. सगळं, टाचेसकट.

"त्येच व्हय? त्ये मला पयल्याच वर्षी कळलं. येवढ्या जोरात टाच घासायचा, बहिऱ्याला पन ऐकू आलं असतं. भागोदादाला कसली लबाडी जमतेय!"

"मग आयेला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तिनं तुम्हाला बडवलं असतं. मग तुम्ही मला जवळ बसवलं असतं काय? मोठा तुकडा घेऊन एकटीनं कुठं बसायचं व्हतं?"

काळूरामने पुडा तिच्या उशाशी सरकवला. म्हणाला, "चुकलं माझं, बाय."

"व्हय, चुकलंच. उन्हात डोकं लई तापायचं माझं." तिने पांघरुणातून पाय बाहेर काढले. "आता हे चेप. आन् घड्याळ बघू नको सारखं."

तो चेपत बसला. तिला झोप लागली तरी हात थांबवले नाहीत. शेवटची फेरीबोट निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तो परतला नाही. बारा दिवस राहिला. तिला पाणी पाजायचं, कूस बदलायची, पाठीला वारा घालायचा, ही कामं त्याने प्राप्तीला करू दिली नाहीत.

येसूबाई सात नोव्हेंबर दोन हजार बावीस रोजी सकाळी वारली. भागोजी त्याआधीच, दोन हजार तेरा साली गेला होता.