दोन वर्षं सहज

"मास्तर, भिंत पाझरतेय. मागच्या कोपऱ्यात. लवकर चला."

मास्तरांनी हातातला चहा तसाच बाकावर ठेवला आणि अंगावर आच परतवणारा चंदेरी कोट चढवत ते निघाले. पळाले मात्र नाहीत. भट्टीपाशी धावपळ करणारा माणूस दुसऱ्यालाही भाजवतो आणि स्वतःही भाजतो, असं त्यांचं मत होतं आणि ते दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवत असत.

पगाराच्या कागदाखेरीज त्यांचं खरं नाव कारखान्यात कुठे उरलं नव्हतं. सगळे त्यांना ठिगळमास्तर म्हणत. काच वितळवणारी भट्टी एकदा पेटवली की मनात येईल तेव्हा विझवता येत नाही. आतली काच दगडासारखी गोठते आणि मग भट्टीच फोडावी लागते. म्हणून ती वर्षानुवर्षं जळत राहते आणि जळता जळता स्वतःच्याच भिंती आतून खात जाते. भिंत पातळ झाली की भट्टी चालू असतानाच बाहेरून आच सोसणाऱ्या विटेची नवी फरशी दाबून बसवायची, हे मास्तरांचं काम. या भट्टीचं वय कधीच उलटून गेलं होतं. जुन्या सदऱ्यात कापडापेक्षा ठिगळं जास्त व्हावीत, तशी तिची गत झाली होती. तेल दुप्पट पीत होती आणि धूर चौपट ओकत होती.

कोपऱ्यातल्या सांध्यातून बोटाएवढी जाड, केशरी धार मधासारखी सावकाश उतरत होती. मास्तरांनी त्या बाजूच्या बर्नरची आच उतरवायला सांगितलं आणि पाण्याचा फवारा मागवला.

"थोडं डावीकडे. हं, तिथेच. आता हलू नका."

पाणी पडताच वाफेचा लोट उठला. धार काळवंडली, जाड झाली आणि जागच्या जागी थिजली. काच अशी स्वतःच स्वतःचं भोक बुजवते, पण घटकाभरच. तेवढ्यात मास्तरांनी लांब दांड्याने फरशी रेटली, मागून टेकू दिला आणि टेकूला खांदा लावून ते उभे राहिले. कोटाच्या आत घामाचे ओघळ चालले होते. फरशी बसल्याचं त्यांना डोळ्यांच्या आधी खांद्याला कळलं. ते मागे सरले तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण छाती फुगली ती फुगलीच.

त्याच फुगलेल्या छातीने ते साहेबांच्या खोलीत गेले, हे वाईट झालं.

खोलीत साहेब होते आणि इंजिनीअरबाई होत्या. बाई नव्या भट्टीसाठी आल्या होत्या. तेलाऐवजी गॅस आणि हवेऐवजी निव्वळ ऑक्सिजन, निम्मी आच विजेची, कच्च्या मालात फुटक्या बाटल्यांचा चुरा भरपूर म्हणजे आचही कमी लागणार, आणि चिमणीच्या पायथ्याशी धूळ धरणारी मोठी गाळणी. धूर असा डोळ्याला दिसणारच नाही, असं त्या सांगत. फक्त जागा एकच होती. जुनी पाडल्याशिवाय नवी उभी राहणार नव्हती आणि तेवढे महिने माणसांना घरी बसावं लागणार होतं.

"पावसाळा संपला की बंद करायची, असं ठरत आलंय," साहेब म्हणाले. "पण मास्तर, तुमच्या शब्दावर आहे सगळं. चालवायची म्हटलं तर किती काढेल ही?"

खरं उत्तर मास्तरांना ठाऊक होतं. भरवसा नाही, असं ते उत्तर होतं. पण ठिगळाची ऊब अजून खांद्याला होती आणि ज्याने ते लावलं त्याच्या तोंडून, टिकणार नाही, असं निघेल कसं?

"दोन वर्षं सहज," मास्तर म्हणाले.

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. इंजिनीअरबाईंनी समोरचा नकाशा गुंडाळायला घेतला. जिन्यावर त्यांनी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण दोन वर्षं हा धूर खालच्या वस्तीवर पडत राहणार. तुमचं घर तिकडेच ना?"

"हो. चिमणीच्या समोर."

"मग?"

"एवढी माणसं घरी बसली असती, बाई."

हे खोटं नव्हतं. पण साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांच्या मनात माणसं नव्हती, स्वतःचा खांदा होता. जिना उतरता उतरता त्यांना ते कळलं आणि त्यांनी तो विचार झटकून टाकला.

घरी बायको खिडकीत बसली होती. गेली काही वर्षं तिचा दम कमी कमी होत चालला होता. आधी जिना सुटला, मग बाजार, मग ओटा. आता खिडकीपासून पलंगापर्यंत तिचं राज्य होतं. पण त्या राज्यातून तिची नजर सगळीकडे होती.

"आज दुपारी धूर मध्येच पिवळा झाला," ती म्हणाली. "काय झालं होतं?"

"थोडं पाझरलं होतं."

"लावलंत ठिगळ?"

"लावलं."

"तरीच स्वारी खुशीत आहे."

मग तिने रोजच्यासारखं मांडीवरचं ओलं फडकं उलगडून त्यांच्यापुढे धरलं. रोज संध्याकाळी ती खिडकीची चौकट पुसायची आणि निघालेलं काळं ते आले की त्यांना दाखवायची. भट्टीला ती बाईसाहेब म्हणे. लग्नानंतर नवऱ्याचे इतके सणवार आणि इतक्या सुट्ट्या त्या बाईसाहेबांनी खाल्ल्या होत्या की दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

"घ्या. बाईसाहेबांनी पाठवलंय."

"आज काजळ जरा जास्तच घातलेलं दिसतंय."

"वय झालं की लागतं जास्त," ती म्हणाली आणि हसता हसता खोकली. खोकला बराच वेळ थांबला नाही. मास्तर पाठीवर हात फिरवत उभे राहिले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. लेक लांब, डोंगरातल्या एका गावात राहायची. आईला इकडे पाठवा, हवा स्वच्छ आहे, डॉक्टरही चांगले आहेत, हे पालुपद तिने कित्येक दिवस लावलं होतं.

"अगं, कशाला?" बायको फोनवर सांगत होती. "नवी भट्टी होतेय. पावसाळा संपला की जुनी बंद. मग इथली हवाही तुझ्याकडच्यासारखीच. एवढ्याशा दिवसांसाठी यांना कुठे एकटं टाकू? कारखाना चालवतात, पण चहाला आधण ठेवलं की विसरतात. पटत नसेल तर विचार बाबांना."

तिने फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, नक्की होतेय ना?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, विश्वासाने. साहेबांच्या खोलीतली गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. पण सांगायचं म्हणजे आपण काय करून आलो तेही सांगावं लागणार होतं.

"होतेय," मास्तर म्हणाले.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशीही ठरवलं. मग न सांगण्याचीच सवय झाली. पावसाळा सरला तोवर पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं होतं आणि डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं.

एका संध्याकाळी मास्तर घरी आले तर बायकोच्या मांडीवर फडकं नव्हतं. ते धुऊन, पिळून खिडकीतल्या दोरीवर वाळत घातलेलं होतं.

"आज काही पाठवलं नाही वाटतं बाईसाहेबांनी?"

"पाठवलं. मी धुऊन टाकलं."

मास्तर चपला काढता काढता थांबले.

"शेजारची आली होती," बायको म्हणाली. एकेका वाक्यानंतर ती दम घेत होती. "मी म्हटलं, आता बंद होईल ना भट्टी? तर ती म्हणाली, काकू, तुम्हाला माहीत नाही? काकांनीच तर दोन वर्षं काढून दिली. आमच्या ह्यांची नोकरी वाचली. पाया पडत होती माझ्या."

"साहेबांनी एकदम विचारलं. तोंडातून निघून गेलं."

"त्याचं काही नाही हो. तुमचा हात आहे, तुम्ही सांगणारच. माणसांची पोटंही आहेत." ती थांबली. यंत्र घरघरत होतं. "मला सांगायचं होतंत. मी गेले असते लेकीकडे. रागावले नसते."

मास्तरांनी चपला दाराशीच सोडल्या. ते तिच्या पायाशी बसले. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "चहा करा. आणि आधण विसरू नका."

त्यानंतर तिने त्यांना फडकं कधी दाखवलं नाही. ते येण्याआधीच पुसून, धुऊन ठेवायची. पुढे पुढे हात उचलेनासा झाला, तेव्हा ते काम लेकीकडे आलं. लेक महिनाभर येऊन राहिली होती आणि बापाशी कामापुरतंच बोलत होती.

बायको गेली तेव्हा मास्तर भट्टीवर होते. भर दुपारी फोन आला. "बाबा, या," एवढंच लेक म्हणाली. निघताना सवयीने त्यांची नजर मागच्या कोपऱ्याकडे गेली. ठिगळ कोरडं, ठणठणीत होतं. ते नखांनी ओरबाडून काढावं, सगळी काच पायावर ओतून घ्यावी, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला आणि ते घरी गेले.

भट्टीने मास्तरांचा शब्द राखला. दोन वर्षं भरल्यावरच तिला बंद करायचं ठरलं. आतली काच बाहेर सोडायला शेवटचं भोक पाडायचा मान साहेबांनी त्यांनाच दिला. नको म्हणायलाही त्यांच्याजवळ बळ नव्हतं. त्यांनी पहार चालवली. काच धबाधबा खालच्या पाण्याच्या हौदात पडली आणि तडतडत तिचे खडे झाले. हेच खडे नव्या भट्टीच्या पोटात जाणार होते.

पुढे भिंती उतरवताना इंजिनीअरबाईंनी त्यांना हाक मारली. मागच्या कोपऱ्यात ठिगळाच्या आतली भिंत पार विरघळून गेली होती.

"बघा मास्तर, मागे काहीच नव्हतं. दोन वर्षं नुसती तुमच्या ठिगळावर उभी होती. असं काम मी कुठे पाहिलं नाही."

त्या मनापासून बोलत होत्या. मास्तरांनी मान हलवली आणि ते बाजूला जाऊन विटांच्या ढिगावर बसले. त्यांना काय झालं ते बाईंना कळलं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं.

नवी भट्टी पेटली तेव्हा वस्तीतली माणसं रस्त्यावर येऊन चिमणीकडे बघत राहिली. पेटली की नाही, यावर पैजा लागल्या. चिमणीच्या तोंडाशी हवा थोडी थरथरत होती, बाकी काही नाही. आठवड्याभरात लोकांनी खिडक्या उघड्या टाकायला सुरुवात केली. एक दिवस लेकीने फोनवर विचारलं, "हवा कशी आहे बाबा?" मास्तर म्हणाले, "चांगली आहे." बोलायचं संपलं, तरी फोन दोघांपैकी कुणी ठेवला नाही.

त्या संध्याकाळी कामावरून आल्यावर मास्तर बायकोच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. खिडकीतून चिमणी समोर दिसत होती. भट्टी चालू आहे की बंद, आज पाझरली की धड आहे, ते इथे बसून आता कुणालाच कळलं नसतं. त्यांनी दोरीवरचं फडकं काढलं, ओलं केलं आणि चौकट पुसली. उलगडून पाहिलं. पांढरंच होतं. त्यांनी पुन्हा पुसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जोर लावून. तरी पांढरंच.

मग बोटाला फडकं गुंडाळून ते कोपऱ्यात शिरले. तिथे, बिजागरीच्या मागे, तिचा हात पोचत नसे अशा फटीत, काजळीची एक बारीक रेघ राहिली होती. मास्तरांनी फडकं मागे घेतलं. रेघ तशीच राहू दिली आणि चहाचं आधण ठेवायला ते आत गेले.